‘खोटं असतं तर काढलंच कशाला असतं?’

मागच्या अंकात आरोग्याच्या व्हायरल व्हिडिओंबद्दल लिहिलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आली. काही रागाची होती, काही खरंच काळजीत पडलेल्या लोकांची, आणि बहुतेकांचा रोख एकाच ठिकाणी होता: हे व्हिडिओ काढायचे की ठेवायचे, आणि ठरवायचं कोणी. सगळी पत्रं इथे घेणं शक्य नाही. थोडी निवडली आहेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न: माझ्या सासूबाई रोज एका डॉक्टरांचे व्हिडिओ बघतात. त्यांचं यूट्यूब चॅनेल बंद झालंय, आता ते रंबल नावाच्या दुसऱ्या व्हिडिओ साइटवर आणि टेलिग्रामवर असतात. मी काही म्हटलं की सासूबाई म्हणतात, खोटं असतं तर काढलंच कशाला असतं, कोणीतरी घाबरलंय म्हणून तर काढलं. मला यावर उत्तरच सुचत नाही.

ताई, तुमच्या सासूबाईंचा प्रश्न मला अजिबात चुकीचा वाटत नाही, एखादी गोष्ट लपवली की माणसाला तीच बघावीशी वाटते. पण व्हिडिओ काढतात कसे ते एकदा बघा. एप्रिल २०२० मध्ये यूट्यूबच्या तेव्हाच्या प्रमुख सुझन वोजिकी यांनी जाहीरच सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांच्या विरोधात जाणारं काहीही आमच्या नियमात बसणार नाही. मे २०२० मध्ये कोविडच्या चुकीच्या माहितीची पॉलिसी आली, सप्टेंबर २०२१ मध्ये ती मान्यता मिळालेल्या सगळ्याच लसींना लागू झाली. म्हणजे व्हिडिओ त्या नियमाला धरून आहे का एवढंच बघितलं जात होतं, आणि तेही बरंचसं सॉफ्टवेअर बघत होतं. कोणी वैज्ञानिक बसून त्या डॉक्टरांचं म्हणणं तपासतोय असं तिथे काही घडत नाही. आता त्या नियमाच्या मागे जी संघटना होती तिनेच २८ मार्च २०२० ला ठळकपणे लिहिलं होतं की कोविड हवेतून पसरत नाही. पुढे तिला ते म्हणणं बदलावं लागलं. तेव्हा त्या काळात कोणी ‘हवेतून पसरतो’ म्हणाला असता तर तो नियमाच्या बाहेर आणि विज्ञानाच्या मात्र बरोबर बाजूला असता.

त्यामुळे व्हिडिओ काढला गेला यावरून तो खरा होता असं ठरत नाही आणि खोटा होता असंही ठरत नाही. एक नियम मोडला एवढंच कळतं. सासूबाईंशी ‘का काढला’ यावर वाद घालू नका, तो वाद संपणारच नाही, कारण दोघींकडेही त्याचं उत्तर नाही. त्यापेक्षा व्हिडिओत नेमकं काय सांगितलंय ते त्यांच्याबरोबर बसून बघा.

म्हणजे काय ते एका जुन्या प्रकरणावरून सांगते, मला ते सगळ्यात जास्त शिकवणारं वाटतं. ‘मिरॅकल मिनरल सोल्युशन’ नावाचं एक द्रव कित्येक वर्षं इंटरनेटवर विकलं जात होतं. बाटलीत सोडियम क्लोराइट असायचं, त्यात आम्ल मिसळलं की क्लोरीन डायऑक्साइड तयार होतो, कागदाचा लगदा पांढरा करायला वापरतात ते ब्लीच. हे प्यायला सांगायचे. ऑटिझमवर, कॅन्सरवर, एड्सवर, आणि २०२० मध्ये अर्थातच कोविडवरही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१० पासून इशारे दिले होते की याने प्रचंड उलट्या-जुलाब होतात, पाणी कमी होऊन बीपी जीवघेणं खाली जाऊ शकतं, लिव्हर निकामी होऊ शकतं. आणि विकणारे काय सांगायचे, तर उलट्या-जुलाब झाले म्हणजे औषध लागू पडतंय. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण यात पेशंटला थांबायला जागाच उरत नाही, बरं वाटलं तरी औषधाचा गुण आणि बिघडलं तरी औषधाचाच गुण. विकणारे स्वतःला चर्च म्हणवून घेत होते आणि कोर्टाने विक्री थांबवायला सांगितल्यावर त्यांनी छळ होत असल्याचा कांगावा केला. फ्लोरिडात खटला चालला, बाप आणि तीन मुलं, चौघंही दोषी ठरले, ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांना बारा वर्षांपेक्षा जास्त आणि बाकी दोघांना पाच-पाच वर्षांची शिक्षा झाली.

आता सासूबाईंच्या डॉक्टरांचा व्हिडिओ लावा आणि त्याच्या खालचं वर्णन शेवटपर्यंत उघडून बघा, बहुतेक लोक ते कधीच उघडत नाहीत. तिथे खरेदीची लिंक आहे का, डिस्काउंट कोड आहे का, त्यांच्याच नावाच्या गोळ्या आहेत का, महिन्याची मेंबरशिप आहे का. व्हिडिओत भीती आणि खाली दुकान असं असेल तर तेवढंच सासूबाईंना दाखवा, आणि त्यावर भाष्य करू नका.

प्रश्न: तुम्ही डॉक्टर लोक फक्त ‘चुकीची माहिती’ एवढंच बोलता. सेन्सॉरशिपवर गप्प का? व्हायरस लॅबमधून निघाला म्हणणाऱ्यांना वेडं ठरवलं, पोस्ट उडवल्या, सरकारने कंपन्यांना फोन करून लोकांची तोंडं बंद केली. मग लोक दुसरीकडे जाणार नाहीत तर काय?

गप्प राहायचं मला काही कारण नाही, आणि तुमच्या पत्रातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत, त्या तशाच मांडते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये फेसबुकने ‘व्हायरस माणसाने बनवला’ हे म्हणणं काढून टाकायच्या यादीत घातलं आणि २६ मे २०२१ ला यादीतून बाहेर काढलं. त्याच दिवशी बायडन यांनी गुप्तचर संस्थांना व्हायरसच्या उगमाचा नव्वद दिवसांत अहवाल द्या म्हणून सांगितल्याचं जाहीर झालं. प्रश्न काही सुटला नव्हता, तो आजही वादातच आहे, बदललं होतं ते वातावरण. ज्या प्रश्नाचं उत्तर जाणकारांकडेच नाही त्यावर बोलायला बंदी घालायची आणि वारं फिरलं की उठवायची, याला माझ्याकडे कुठलंही समर्थन नाही.

त्याहून मला लागलेलं प्रकरण ‘बीएमजे’चं आहे. हे जगातल्या जुन्या आणि मानाच्या वैद्यकीय जर्नल्सपैकी एक. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी फायझरच्या लसीच्या ट्रायलमधलं काही काम बघणाऱ्या व्हेंटाव्हिया नावाच्या कंपनीतल्या गलथानपणावर शोधलेख छापला, आतल्याच एका कर्मचारी बाईने कागदपत्रं दिली होती. लेख वकिलांनी तपासलेला, संपादकांनी तपासलेला. तो शेअर करणाऱ्यांना फेसबुकवर इशारे यायला लागले, संदर्भ अपुरा असल्याचं लेबल लागलं. त्याच महिन्यात कॉक्रेन या संस्थेला, जिचं कामच मुळी जगभरचे अभ्यास एकत्र करून पुरावा तपासणं आहे, इन्स्टाग्रामवर टॅग करता येईना, कारण काय तर म्हणे वारंवार खोटी माहिती टाकतात. पुरावा तपासणाऱ्यांवरच खोटेपणाचा शिक्का बसतो तेव्हा मशीनच्या भरवशावर किती सोडायचं याचा विचार करायलाच हवा.

सरकारच्या दबावाबद्दल. फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीला पत्र लिहून सांगितलं की २०२१ मध्ये बायडन सरकारच्या बड्या अधिकाऱ्यांनी कोविडचा काही मजकूर, त्यात विनोदही आले, काढण्यासाठी महिनोन्‌महिने दबाव आणला, तो दबाव चुकीचा होता आणि आपण त्यावर जास्त उघडपणे बोललो नाही याचं वाईट वाटतं. त्याच पत्रात मजकूर काढायचा की नाही हा निर्णय शेवटी आमचाच होता असंही त्यांनी म्हटलंय, हे वाक्य मात्र फॉरवर्डमधून हमखास गळतं. आणि याच दबावावरून अमेरिकी सरकारविरुद्ध झालेला ‘मर्थी विरुद्ध मिसूरी’ खटला दोन्ही बाजू आपापल्या विजयाच्या नाहीतर अन्यायाच्या खात्यात टाकतात, पण जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने एवढंच सांगितलं की या फिर्यादींना हा दावा लावायचा अधिकार पोचत नाही. सरकारचं वागणं घटनेत बसतं की नाही याचं उत्तर त्या निकालात नाही.

हे सगळं मान्य करून मी पुढे जे सांगणार आहे ते कदाचित तुम्हाला आवडणार नाही. मोठ्या कंपन्या चुकल्या म्हणून त्यांच्या बाहेर बसलेला माणूस बरोबर ठरत नाही. बिटशूट ही तशीच व्हिडिओ साइट २०१७ पासून आहे, रंबल २०१३ पासून, तिथे बीएमजेवर अन्याय झाला म्हणून चिडलेला माणूस जातो आणि त्याच पानावर ब्लीच प्यायला सांगणारा शेजारी बसलेला असतो, दोघांनाही तेच ‘बंदी घातलेलं सत्य’ हे लेबल. बीएमजेच्या लेखात कागदपत्रं होती, नावं होती, तारखा होत्या, आणि कंपनीला उत्तर द्यायला जागा होती. शेजारच्या व्हिडिओत यातलं काय आहे ते तुम्हीच बघा. आणि हेही लक्षात घ्या की ट्रायलमधला गलथानपणा उघड करणाऱ्या त्या लेखाने लस काम करत नाही असं कुठेही म्हटलेलं नव्हतं, ते त्याच्या नावाने फिरणाऱ्या लोकांनी म्हटलं.

प्रश्न: कोविडवर आयव्हरमेक्टिन घ्या म्हटलं तर त्याला घोड्याचं औषध म्हणून हिणवलं, प्रत्यक्षात त्याच औषधाच्या शोधाला नोबेल मिळालंय. जे वेगळं बोलतात त्यांना आधी वेडं ठरवतात आणि नंतर मान देतात हा इतिहासच आहे ना?

नोबेल मिळालं, २०१५ मध्ये, कँपबेल आणि ओमुरा यांना, जंतांमुळे होणाऱ्या आजारांवरच्या कामासाठी, आणि त्या औषधाने कोट्यवधी लोकांचे डोळे वाचलेत. हिणवणंही वाईटच होतं. एफडीएने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘तुम्ही घोडा नाही’ असं ट्वीट केलं, पुढे डॉक्टरांनी केस केली, मार्च २०२४ मध्ये तडजोड झाली आणि एफडीएने त्या पोस्ट काढायचं कबूल केलं. लोकांची टर उडवून कोणी औषध सोडत नाही.

पण कोविडचं काय? या औषधाने मृत्यू जवळपास ९० टक्क्यांनी कमी होतात असं सांगणारा इजिप्तमधला एक अभ्यास होता, जगभरच्या व्हिडिओंमध्ये त्याचाच आकडा फिरत होता. लंडनमध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने तो उघडून मुळापासून वाचला तर काही मजकूर दुसरीकडून उचललेला, पुढे कच्चा डेटा बघितल्यावर त्याच त्या पेशंटच्या नोंदी पुन्हा पुन्हा, आणि काही पेशंट तर अभ्यास सुरू व्हायच्या आधीच वारलेले. जुलै २०२१ मध्ये तो अभ्यास मागे घेतला गेला. मार्च २०२२ मध्ये ब्राझीलमधली १,३५८ पेशंटची ट्रायल छापून आली, त्यात अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी दिली होती. हॉस्पिटलात दाखल व्हायचं प्रमाण औषधाने कमी झालं नाही. आणि हे औषध दाबलं वगैरे म्हणतात, तर दाबलेल्या औषधाची एवढी मोठी ट्रायल कोणी केली असती का आणि कोणी छापली असती का?

इतिहासाचं म्हणाल तर बॅरी मार्शल यांचं उदाहरण नेहमी देतात, अल्सर बॅक्टेरियाने होतो हे पटवायला त्यांनी १९८४ मध्ये स्वतः ते बॅक्टेरिया पिऊन दाखवले, आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. त्यांची खिल्ली उडाली हे खरं, पण ते तपासण्या करत राहिले, पेशंटवर अभ्यास करत राहिले, जर्नलमध्ये लिहीत राहिले, आणि दुसऱ्यांनी तेच करून बघितलं तेव्हा त्यांनाही तेच दिसलं. खिल्ली उडालेल्यांपैकी बहुतेक जण चुकीचेच होते, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत इतकंच. आणि याची उलटी बाजूही बघा, अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरचा एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा पेपर १९९८ मध्ये कुठल्या टेलिग्राम चॅनेलवर नाही तर ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलमध्ये आला होता. १२ मुलांवरचा पेपर, मागे घ्यायला २०१० उजाडलं. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा माग काढला, २०१९ मध्ये ते छापलं, लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सापडला नाही. म्हणून मी म्हणते की प्लॅटफॉर्म मोठा का छोटा याने काही ठरत नाही, किती पेशंट, कोणाशी तुलना, आणि दुसऱ्या कोणी करून बघितलं का, हे तीन प्रश्न रंबललाही विचारायचे आणि लॅन्सेटलाही.

प्रश्न: मग व्हिडिओ काढून उपयोग होतो का? तुमचं स्वतःचं मत काय, काढावेत की नाही?

उपयोग होतो पण सांगतात तितका नाही. ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या जर्नलमध्ये २०२३ साली एक अभ्यास आला, फेसबुकने लसविरोधी पानं आणि ग्रुप काढले त्याचा काय परिणाम झाला यावर. पानं काढली गेली हे खरं, पण लसविरोधी मजकुरावर लोक जे लाइक, शेअर, कमेंट करतात ते एकंदरीत कमी झालं नाही, जी पानं उरली तिकडे लोक वळले. आता तर वारंच उलटं आहे. ट्विटरने नोव्हेंबर २०२२ मध्ये कोविडचा नियम लागू करणं सोडलं, फेसबुकची मूळ कंपनी मेटाने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत फॅक्ट-चेकर्सचं काम बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये यूट्यूबच्या मूळ कंपनीने कळवलं की जुन्या कोविड नियमांखाली काढलेल्यांना परत यायची संधी देऊ. म्हणजे आधी सरसकट काढलं आणि आता सरसकट सोडलं, दोन्ही वेळा बघणाऱ्याला कोणी विचारलं नाही.

माझं मत सांगते. जे ऐकून माणूस आजच्या आज स्वतःला इजा करून घेईल, म्हणजे ब्लीच प्या, इन्सुलिन बंद करा, मुलाला ताप आहे तर दवाखान्यात नेऊच नका, ते काढलंच पाहिजे, लगेच, कुठल्याही प्लॅटफॉर्मवरून, यात मला भाषणस्वातंत्र्याचा प्रश्न दिसत नाही. बाकी सगळं, म्हणजे शंका, टीका, विचित्र सिद्धांत, लसीबद्दलचा राग, ते राहू द्यावं, पण त्यावर जाहिरातीचे पैसे मिळू नयेत आणि अल्गोरिदमने ते न मागता कोणाच्या पुढ्यात आणून टाकू नये. माणसाला बोलायचा हक्क आहे, पण मशीनने ते दहा लाख लोकांपुढे ढकलावं असा हक्क कोणालाच नाही. वेग कमी करून काय होतं त्याचं एक उदाहरण आपल्या हातातच आहे, व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, आणि कंपनीने सांगितलं की असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले. कोणाचा मेसेज वाचला नाही, काढला नाही, खरंखोटं ठरवलं नाही.

आणि जे काढाल त्याचं कारण लेखी द्या, अपील करायला जागा ठेवा. युरोपियन युनियनच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमध्ये हे आता सक्तीचं आहे, साडेचार कोटींपेक्षा जास्त युरोपियन लोक वापरतात त्या प्लॅटफॉर्मना तर आपल्या सिस्टीममुळे लोकांच्या आरोग्याला काय धोका होतो तेही दरवर्षी तपासावं लागतं. मला हा कायदा अगदी बिनचूक वाटतो असं नाही, पण गुपचूप काढण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

प्रश्न: मी थायरॉईडच्या ऑपरेशननंतरचा माझा अनुभव लिहिला, गोळीने काय त्रास झाला ते सांगितलं, पोस्ट उडाली. माझा अनुभवही खोटा का?

नाही, अजिबात नाही. अपील करा, त्यात ‘हा माझा स्वतःचा अनुभव आहे, कोणाला गोळी बंद करायला सांगितलेलं नाही’ हे पहिल्याच ओळीत लिहा, आणि पोस्टची कॉपी स्वतःकडे ठेवत जा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे औषधाचा त्रास तुमच्या डॉक्टरांना सांगा आणि औषधांच्या दुष्परिणामांची सरकारी नोंद होते तिथे नोंदवा, पेशंटलाही ती करता येते. पोस्ट दोन दिवसांत खाली जाते, नोंद राहते आणि तशा नोंदी जमल्या की औषधाच्या माहितीपत्रकात बदल होतात.

प्रश्न: बाबा सत्तर वर्षांचे आहेत. टेलिग्रामवरच्या एका चॅनेलमुळे त्यांनी बीपीची गोळी बंद केलीय, आम्हाला सांगितलंही नाही. मी ओरडलो, तर आता ते माझ्याशी बोलतच नाहीत. काय करू?

सगळ्यात आधी गोळीचं पाकीट शोधा आणि नाव बघा. नावाच्या शेवटी ‘लोल’ असेल, म्हणजे ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल वगैरे, किंवा गोळी क्लोनिडीन असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा, कारण या गोळ्या एकदम तोडल्या की बीपी आणि नाडी उसळी मारते, हृदयाचा त्रास असलेल्याला झटकाही येऊ शकतो. बंद केलेली गोळी तुम्ही स्वतःहून आधीच्याच डोसवर पुन्हा सुरू करू नका, तेही विचारूनच. छातीत दुखलं, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूची ताकद गेली तर वाट न बघता हॉस्पिटल.

मग बोलणं. चॅनेल खोटं आहे हे सिद्ध करायला जाऊ नका, बाबांना ते स्वतःच खोटे ठरल्यासारखं वाटेल. त्यांना विचारा की गोळीने काय होत होतं. यात बहुतेक वेळा काहीतरी खरं निघतं, चक्कर येत असते, रात्री सारखं उठावं लागतं, पाय सुजतात, खोकला येतो, आणि डॉक्टरांकडे दोन मिनिटांत ते सांगायचं राहून जातं. चॅनेलवाल्याने त्यांचं म्हणणं तासभर ऐकल्यासारखं केलं, ते आपण कोणी केलं नाही. बीपीच्या गोळ्यांचे कितीतरी प्रकार आहेत, एकाने त्रास झाला तर दुसरी देता येते, हे बाबांना कोणी सांगितलंय का ते बघा.

घरी बीपीचं मशीन आणा, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून मोजायचं आणि आकडे बाबांनीच वहीत लिहायचे, तुम्ही नाही. ती वही, गोळ्यांची सगळी पाकिटं आणि तो व्हिडिओ, तिन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. व्हिडिओ नेताना लाजू नका, आम्हाला तो बघायचा असतो. अपॉइंटमेंट घेताना जरा जास्त वेळ हवाय असं आधीच सांगून ठेवा आणि आत गेल्यावर पहिले प्रश्न बाबांना विचारू द्या.